विश्लेषण : पिल्लाला किती आणि काय खाऊ घालावे? मावळात दूधभात कमी का पडतो आणि बंगल्यातली कॅल्शियम पावडर जास्त का होते?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांची गर्दी उसळते. भुशी धरण, टायगर पॉइंट, राजमाची पॉइंट अशा ठिकाणी कांदाभजी आणि भाजलेल्या कणसांच्या गाड्यांभोवती माणसांबरोबर कुत्र्यांची पिल्लेही घुटमळतात. कुणी अर्धे भजे टाकतो, कुणी बिस्किटाचा पुडा फोडतो, कुणी चॉकलेट फज पुढे करतो. सोमवारी हे सगळे बंद होते. याच तालुक्यात दुसरीकडे फार्महाऊस आणि बंगल्यांच्या राखणीसाठी आणलेली लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलरची पिल्ले वाढत असतात. त्यांना भूक लागायच्या आत भांडे भरून मिळते, वर कॅल्शियमची पावडरही. एकाला कमी आणि चुकीचे, दुसऱ्याला जास्त आणि चुकीचे. नुकसान मात्र दोघांच्याही हाडांचेच होते. भटक्या कुत्र्यांना कुठे खाऊ घालायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काय आणि किती घालायचे, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला आहे.

हा विषय आता चर्चेत का?

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील भटक्या कुत्र्यांबाबतचा ११ ऑगस्टचा आदेश बदलला. नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक औषध दिल्यानंतर कुत्रे पकडले त्याच भागात परत सोडावेत, रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत, असे न्यायालयाने सांगितले. याच आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्यास मनाई करून प्रत्येक प्रभागात त्यासाठी ठरावीक जागा निश्चित करण्यास सांगण्यात आले. न्यायालयाने सर्व राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांनाही या प्रकरणात सामील करून घेतले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील भटके कुत्रे हलवण्याचे निर्देश देण्यात आले.

त्याआधीपासून ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’ लागू आहेत. त्यातील २० वा नियम वस्तीतील प्राण्यांना खाऊ घालण्याबाबत आहे. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने, ये-जा करण्याची दारे यांपासून दूर अशी जागा निवडावी, मुले आणि ज्येष्ठ नागरिकांची वर्दळ नसेल अशी वेळ ठरवावी आणि खाऊ घालणाऱ्याने तिथे घाण राहू देऊ नये, असे तो सांगतो. म्हणजे जागा आणि वेळ यांची चौकट तयार आहे. भांड्यात काय पडते, हे मात्र खाऊ घालणाऱ्यावरच अवलंबून आहे.

दूधभातात कमी काय पडते?

मावळ हा भाताचा तालुका. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेला इंद्रायणी तांदूळ इथल्या घराघरांत शिजतो. त्यामुळे पिल्लू घरात आले की दूधभात किंवा दूधभाकरी हाच पहिला घास. पिल्लू तो आवडीने खाते आणि पोट टम्म झाले की घरच्यांचेही समाधान होते. पण आकडे वेगळे सांगतात.

उदाहरणादाखल तीन महिन्यांचे, पाच किलो वजनाचे पिल्लू घेऊ. त्याला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात. वाढत्या पिल्लांच्या आहारासाठी अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेचे जे निकष जगभर वापरले जातात, त्यानुसार एवढ्या कॅलरींमागे किमान ३९ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २.१ ग्रॅम कॅल्शियम हवे.

आता या पिल्लाला दिवसभरात अर्धा लिटर गाईचे दूध आणि जवळपास ३०० ग्रॅम शिजवलेला भात दिला, तर ७०० कॅलरी भरतात. पण प्रथिने मिळतात २४ ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम ०.६ ग्रॅम. म्हणजे पोट शंभर टक्के भरले. प्रथिने सुमारे साठ टक्के आणि कॅल्शियम एक तृतीयांशापेक्षाही कमी मिळाले. दूध न देता नुसता भात दिला तर परिस्थिती आणखी बिकट होते. ७०० कॅलरींसाठी अर्ध्या किलोहून जास्त भात खावा लागतो आणि त्यातून प्रथिने मिळतात फक्त १४ ग्रॅम.

दुधाची आणखी एक अडचण आहे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश दुपटीहून जास्त असतात, तर लॅक्टोज ही दुधातली साखर कमी असते. आईचे दूध सुटल्यावर पिल्लाची ही साखर पचवण्याची क्षमता घटत जाते. त्यामुळे दूध वाढवले की अनेक पिल्लांना जुलाब लागतात. दही किंवा ताक त्यामानाने सोसते, पण तेही तोंडी लावण्यापुरतेच.

मग नुसते चिकन दिले तर?

तेही चालत नाही. चिकनमधून प्रथिने भरपूर मिळतात, पण मांसात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नगण्य असते. वाढत्या हाडांसाठी या दोन खनिजांचे प्रमाण महत्त्वाचे आहे. कॅल्शियम हे फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे जास्त हवे. ते कमी पडले की रक्तातील पातळी सांभाळण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. पिल्लू वरून गुबगुबीत दिसते, पण पाय वाकतात, ते लंगडते, उडी मारल्यावर हाड मोडते. ‘पडले असेल कुठेतरी’ म्हणून सोडून दिलेल्या लंगडण्यामागे कित्येकदा आहार असतो.

शिजवलेली हाडे हा कॅल्शियमचा पर्याय नाही. शिजल्यावर हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. मटणाच्या रश्श्यातले हाड किंवा तंदुरी चिकनचा उरलेला सांगाडा पिल्लापुढे टाकू नये.

किती खाऊ घालायचे, हे कसे ठरवायचे?

‘खाईल तेवढे’ हे उत्तर नाही. पशुवैद्यक यासाठी एक सूत्र वापरतात आणि ते मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवरही सोडवता येते. आधी पिल्लाचे वजन करा. त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करा. किलोमधला तो आकडा तीनदा घेऊन गुणाकार करा, आलेल्या उत्तराचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ही झाली नुसते पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. पिल्लू चार महिन्यांपेक्षा लहान असेल तर तिला तीनने आणि मोठे असेल तर दोनने गुणा.

पाच किलोच्या पिल्लाचे पाहा. ५ × ५ × ५ म्हणजे १२५. त्याचे वर्गमूळ ११.१८, पुन्हा वर्गमूळ ३.३४. त्याला ७० ने गुणले की २३४. चार महिन्यांच्या आत २३४ च्या तिप्पट, म्हणजे सुमारे ७०० कॅलरी. चार महिन्यांनंतर दुप्पट, म्हणजे सुमारे ४७०.

याच पद्धतीने दिवसाची अंदाजे गरज अशी येते :

– २ किलो, चार महिन्यांच्या आत : ३५० कॅलरी
– ५ किलो, चार महिन्यांच्या आत : ७०० कॅलरी
– ५ किलो, चार महिन्यांनंतर : ४७० कॅलरी
– १० किलो, चार महिन्यांनंतर : ७९० कॅलरी
– १५ किलो, चार महिन्यांनंतर : १,०७० कॅलरी

पिल्लांसाठीच्या कोरड्या तयार खाद्यात १०० ग्रॅममागे साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो. त्या हिशेबाने पाच किलोच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला १७५ ते २०० ग्रॅम खाद्य लागते. ते एकदम न देता वाटून द्यायचे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा. वजन दर आठवड्याला वाढते, त्यामुळे हिशेबही दर आठवड्याला नव्याने करावा लागतो.

हे सूत्र सुरुवात करण्यासाठी आहे. प्रत्येक पिल्लाची गरज थोडी वेगळी असते, म्हणून शेवटचा निर्णय हाताने घ्यायचा. पिल्लाच्या फासळ्यांवरून हलकेच हात फिरवा. फासळ्या न दाबता हाताला लागल्या आणि वरून पाहताना कंबर थोडी आत गेलेली दिसली, तर खाणे योग्य आहे. फासळ्या शोधाव्या लागत असतील तर दहा टक्के कमी करा. त्या लांबूनच दिसत असतील तर वाढवा. फक्त पोट फुगलेले आणि अंग वाळलेले असेल, तर तो जास्त खाल्ल्याचा नव्हे, जंतांचा संशय आहे. अशा वेळी खाणे कितीही वाढवले तरी उपयोग होत नाही. आधी पशुवैद्यकाकडून जंतनाशक औषध घ्यावे लागते.

बंगल्यातल्या मोठ्या जातींना जास्त खाऊ घातले तर बिघडते काय?

राखणीचा कुत्रा लवकर धिप्पाड दिसावा, या हौसेपोटी मोठ्या जातीच्या पिल्लांना भरपूर खाऊ घातले जाते. जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर किती मोठा होणार हे जातीने ठरते. जास्त खाल्ल्याने तो फक्त तिथवर लवकर पोहोचतो. वजन हाडांच्या आणि सांध्यांच्या तयारीआधी वाढते आणि खुबा, कोपर यांचे विकार बळावतात. त्यामुळे मोठ्या जातीच्या पिल्लासाठी सूत्राने येणारा आकडा कमाल मर्यादा समजावा.

कॅल्शियम पावडरचे असेच आहे. पिल्लांसाठीच्या संपूर्ण खाद्यात लागेल तेवढे कॅल्शियम आधीच घातलेले असते. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम नाकारता येत नाही. येईल तेवढे ते शोषून घेते आणि हाडांची वाढ बिघडते. म्हणूनच वर उल्लेखलेल्या अमेरिकी निकषांत मोठ्या जातींच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या वजनाच्या १.८ टक्के, म्हणजे इतर पिल्लांच्या २.५ टक्क्यांपेक्षा कमी ठेवली आहे. दूधभातावरच्या गावठी पिल्लाला ज्या खनिजाची उणीव आहे, त्याच खनिजाचा बंगल्यातल्या पिल्लाला अतिरेक होतो.

कमी खाऊ घालण्याचा फायदा आयुष्यभर टिकतो, हे दाखवणारा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य देण्यात आले. सुरुवात आठ आठवड्यांच्या वयापासून झाली आणि हा क्रम आयुष्यभर चालला. कमी खाणारे कुत्रे मध्यमान १३ वर्षे जगले, जास्त खाणारे ११.२ वर्षे. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली.

फज, कांदाभजी आणि कणीस यांत धोका कोणता?

लोणावळ्याची ओळख असलेले हे तीन पदार्थ पिल्लासाठी घातक आहेत.

चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. शरीराच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. तीन किलोच्या पिल्लासाठी पहिली मर्यादा ६० मिलिग्रॅमची. एवढे थिओब्रोमीन ३० ग्रॅम दुधाच्या चॉकलेटमध्ये, १२ ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये किंवा तीन ग्रॅमच्या आसपास कोको पावडरमध्ये असते. फजमध्ये कोको किती आहे, हे वरून कळत नाही.

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरेसा आहे, म्हणजे तीन किलोच्या पिल्लाला एक मध्यम कांदाही फार झाला. तळल्याने किंवा शिजवल्याने धोका टळत नाही. लक्षणे काही दिवसांनी दिसतात, तोवर पर्यटक घरी पोहोचलेले असतात. घरातल्या आमटी-रश्श्याचा भात कालवून देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

कणसाचे चार दाणे विषारी नाहीत. धोका आहे तो दाणे खाऊन फेकलेल्या कणसाच्या दांड्यात. मीठ-लिंबाच्या चवीने पिल्लू तो तोडून गिळते, पण तो पचत नाही आणि आतड्यात अडकतो. अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय तो निघत नाही.

शेंगदाण्याची साधी चिक्की विषारी नसली, तरी गुळाचा तो गोळा पिल्लाच्या कामाचा नाही. सुक्या मेव्याच्या चिक्कीत मनुके असतील तर ती अजिबात देऊ नये. द्राक्षे आणि मनुके मूत्रपिंड निकामी करू शकतात. साखरविरहित गोळ्या आणि च्युइंगममधील झायलिटॉल अगदी थोड्या प्रमाणातही रक्तातील साखर धोकादायक पातळीवर आणते. यातले काही पोटात गेल्याचे कळले, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला फोन करावा.

घरात रोज काय द्यावे?

सर्वात सोपा मार्ग म्हणजे ‘वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार’ असे पाकिटावर लिहिलेले पिल्लांचे खाद्य. मोठ्या कुत्र्यांचे खाद्य पिल्लाला पुरत नाही. कॅलरींचा नव्वद टक्के वाटा या खाद्याचा आणि उरलेला दहा टक्के घरचा. पाच किलोच्या पिल्लासाठी १७० ग्रॅम खाद्य आणि एक उकडलेले अंडे, किंवा अंड्याऐवजी अर्धी वाटी भात. इंद्रायणीचा घास बंद करण्याची गरज नाही. त्याचे प्रमाण तेवढे ठेवायचे.

पूर्ण आहार घरचाच द्यायचा असेल, तर अंडी, चिकन, मासे यांपैकी प्रथिनांचा मुख्य घटक आधी ठरवावा आणि भात-भाकरी त्याच्या जोडीला. माळकरी घरांत सोयाबीन वड्या, पनीर, दही यांतून प्रथिने भरता येतात. सोयाबीन वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिनेच असतात. पण दोन्ही प्रकारांत कॅल्शियम आणि इतर खनिजांची भर घालावीच लागते आणि तिचे माप पशुवैद्यकाकडून वजनानुसार घ्यावे लागते.

पावसाळ्यात लोणावळ्याच्या दमट हवेत उघड्या पिशवीतले खाद्य लवकर बुरसते. बुरशीतून तयार होणारी अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालतात आणि उकळूनही नष्ट होत नाहीत. खाद्य हवाबंद डब्यात ठेवावे आणि वास बदलला तर फेकून द्यावे. बुरसलेले शेंगदाणे किंवा शिळी भाकरी ‘कुत्र्याला चालते’ म्हणून घालू नये.

रस्त्यावरच्या पिल्लांसाठी काय करता येईल?

पिल्ले तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत आईच्या दुधावरच वाढतात आणि आठ आठवड्यांच्या आत त्यांना तिच्यापासून तोडू नये. विक्रीसाठीही कायद्याने हीच मर्यादा घातली आहे. त्यामुळे आई जवळपास असेल तर पिल्लांऐवजी तिला खाऊ घालावे. दूध पाजणाऱ्या कुत्रीची गरज नेहमीच्या दुप्पट ते चौपट होते. तिला पिल्लांचेच खाद्य चालते आणि तोच पिल्लांना मदत करण्याचा सर्वात स्वस्त मार्ग आहे.

आई नसलेले पिल्लू पावसात गारठलेले सापडले, तर आधी त्याला कोरडे करून ऊब द्यावी. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतले तर ते पचत नाही आणि फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ऊब आल्यावर पिल्लांसाठीचे तयार दूध पावडरपासून बनवून, पोटावर झोपवून पाजावे. तीन-चार आठवड्यांनंतर पिल्लांचे खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्यावे.

पर्यटकांनी मात्र धबधब्यावर किंवा पॉइंटवर पिल्लांना काहीही खाऊ न घालणेच योग्य. दोन दिवस भरपेट आणि पाच दिवस उपाशी, या चक्रात पिल्लाची वाढ होत नाही. शिवाय ते गाड्यांच्या मागे धावायला शिकते. मदत करायची असेल, तर ठरलेल्या जागी रोज खाऊ घालणाऱ्या स्थानिकांना पिल्लांचे खाद्य नेऊन द्यावे. पिल्लाने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. लहान पिल्लालाही रेबीज होऊ शकतो.

पुढे काय?

लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथे नगर परिषदा आहेत, वडगावात नगरपंचायत, तर उरलेल्या मावळात ग्रामपंचायती. खाऊ घालण्याच्या जागा ठरवणे, नसबंदी आणि लसीकरण ही कामे त्यांच्या पातळीवर व्हायची आहेत. जागा ठरल्यावर तिथल्या फलकावर वेळेबरोबर ‘कांदा, चॉकलेट, मनुके, शिजवलेली हाडे नकोत’ एवढी एक ओळ लिहिली, तरी बराच फरक पडेल. घरच्या पिल्लासाठी मात्र कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. एक वजनकाटा, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि दर आठवड्याला फासळ्यांवरून फिरवलेला हात पुरेसा आहे. हाडे घडण्याचे हे काही महिने निघून गेले, की मागची भर पुढे भरून काढता येत नाही.